सातवी ‘ब’समोर साक्ष

माझे सासरे ड्रेस्डेनला तीन महिन्यांसाठी आले तेव्हा त्यांच्याकडे दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला. दुसरीत नुसती पुस्तकं. आमच्या इमारतीची लिफ्ट नेमकी त्या आठवड्यात बंद होती, त्यामुळे ती दुसरी बॅग चौथ्या मजल्यावर चढवताना माझ्या नवऱ्याची पाठ धरली. “बाबा, पुस्तकं इथेही मिळतात हो,” मी जरा चिडूनच म्हणाले. “मिळत असतील, पण ती जर्मनमध्ये असणार,” असं म्हणून त्यांनी पाणी मागायच्या आधी पुस्तकांसाठी रिकामा कप्पा कुठे आहे ते विचारलं.

ते सांगलीच्या एका शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. घरात एकटे राहून दोन्ही वेळा वरण-भातच खातात, असं शेजाऱ्यांकडून कळलं आणि आम्ही त्यांना बोलावून घेतलं. आम्ही ड्रेस्डेनला येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. नवरा चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अर्धा दिवस कामाला.

उरलेल्या अर्ध्या दिवसात माझा एक बिनपगारी उद्योग चालायचा. महाराष्ट्रातून नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना परदेशी लोकांच्या कचेरीत, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, घेऊन जायचं आणि त्यांचा दुभाषी व्हायचं. मला त्याचा फार अभिमान होता. खिडकीमागची बाई खेकसली, “हे काय वाट्टेल ते कागद उचलून आणलेत?” की मी मराठीत सांगायची, “त्या म्हणतायत, एखादा कागद कमी दिसतोय.” पोरगं वैतागून म्हणालं, “हिला काही अक्कल आहे का?” की मी जर्मनमध्ये सांगायची, “तो म्हणतो, आपण जरा मार्ग दाखवाल का?” दोन्हीकडची माणसं खूश होऊन घरी जायची. यात काही चुकतंय असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

माझी लेक तेव्हा बारा वर्षांची, सातवीत होती. चार वर्षांची असताना आली ती घडाघडा मराठी बोलत. पुढे तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. आजोबा मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये सांगायची, आणि तरी दोघांचं तासन्‌तास जमायचं. जिथे काही कळायचं नाही तिथे आजोबा “गेनाऊ” म्हणायचे. गेनाऊ म्हणजे ‘अगदी बरोबर’. हा शब्द त्यांनी दुसऱ्याच दिवशी ट्राममध्ये उचलला होता आणि तो ते सगळीकडे लावायचे. एकदा पोस्टमनने दारात येऊन, शेजाऱ्यांची पार्सलं ठेवून घ्याल का, असं विचारलं. हे म्हणाले, गेनाऊ. संध्याकाळपर्यंत आमच्या दाराशी तीन घरांची माणसं पार्सलं न्यायला आली होती.

बाबांचं खरं सासर अमेरिकेत आहे, असं सासूबाई म्हणायच्या. अमेरिका त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण तरुणपणी मुंबईतलं एक वाचनालय त्यांना पोस्टाने अमेरिकन पुस्तकं पाठवायचं, आणि शाळा सुटली की बाबा ती मराठीत आणत बसायचे. त्यातली काही स्वस्त, पातळ कागदावर छापलीही गेली. त्या लेखकांची नावं सासूबाईंच्या तोंडात बसायची नाहीत, म्हणून घरात सगळ्यांचं बारसं झालं होतं. कसाईखान्यातल्या मजुरांवर कादंबरी लिहिणारे ते ‘कसाईखानेवाले’. गुलामांचे हाल लिहून अर्ध्या देशाला रडवलं त्या ‘रडवणाऱ्या बाई’. फवारणीच्या औषधांनी पाखरं कशी मरतात ते लिहिलं त्या ‘पाखरांच्या बाई’. आणि सगळ्यांत लाडके ‘तळ्याकाठचे बुवा’. हे बुवा तळ्याकाठी झोपडी बांधून राहिले, आणि जे सरकार गुलामगिरी चालवतं त्याला कर देणार नाही म्हणून तुरुंगात गेले.

मी पोळ्या लाटायला घेतल्या की बाबा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसायचे आणि व्याख्यान सुरू व्हायचं.

“कसाईखानेवाल्यांनी लिहिलं मजुरांसाठी,” ते म्हणायचे. “लोकांनी काय केलं? मजुरांना दिलं सोडून, आणि आपल्या ताटातल्या मांसात काय पडलंय त्याची काळजी केली. कायदा झाला तो मांसाचा. लिहिणं तेवढं लेखकाच्या हातात असतं, सूनबाई. पुढचं लोक ठरवतात.”

“बाबा, तवा तापलाय, पाय जरा आत घ्या.”

“पाखरांच्या बाईंना तर सगळ्यांनी मिळून वेडं ठरवलं. पण ते औषध शेवटी बंद करावं लागलं की नाही? आणि बुवांनी एक एवढासा लेख लिहिला. तो आफ्रिकेतल्या एका गुजराती वकिलाच्या हाती पडला. पुढचं तुला माहीतच आहे.”

“आणि बुवा किती वर्षं होते हो तुरुंगात?”

“एक रात्र,” बाबा हसून म्हणायचे. “आत्याबाईंनी गुपचूप कर भरून टाकला असं म्हणतात. बुवा बाहेर आले ते चरफडतच.”

हे ऐकताना मला ते फार आवडायचे. खरं सांगायचं तर माझ्या वडिलांपेक्षाही जास्त. माझे वडील चांगले होते पण पुस्तकाला हात लावायचे नाहीत, आणि माझं लग्न ठरलं त्याला मात्र कारण बाबांचा तुरुंगच होता. स्थळ सांगून आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाले होते, “मुलाचे वडील आणीबाणीत आत होते.” माझ्या वडिलांनी पुढे पत्रिकासुद्धा मागितली नाही. गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. आणीबाणीत बाबांनी बुवांच्या त्या लेखाचं मराठी केलं, चार पानं सायक्लोस्टाइल करून काढली आणि गावातल्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या मधे ठेवून दिली. आठवड्याच्या आत पोलीस घरी आले. गोष्ट इथे संपायची. ती इथेच का संपते, हे आमच्यापैकी कोणीच कधी विचारलं नाही.

नोव्हेंबरात लेक शाळेतून कुरकुरत आली. त्यांना एथिक नावाचा विषय असतो, आपल्या मूल्यशिक्षणासारखा. त्यात प्रत्येकाला एक रेफेराट द्यायचं होतं, म्हणजे वर्गासमोर उभं राहून माहिती सांगायची होती. विषय होता, समाज बदलून टाकणारे अमेरिकन लेखक. चिठ्ठ्या टाकून लेखक वाटले होते, आणि तिच्या वाट्याला जो आला त्याचं नाव ऐकल्याबरोबर बाबा खुर्चीतून उठलेच.

“अगं, हे तर आपले बुवा!”

पुढचे दोन आठवडे त्या दोघांनी आमच्या जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. मी आणि नवरा सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. बाबांनी तिला झोपडीचं चित्र काढायला लावलं, तळं किती खोल होतं ते सांगितलं, आणि शेवटी सायक्लोस्टाइलचीही गोष्ट सांगितली. रेफेराटला तिला एक मिळाला. जर्मनीत एक म्हणजे सगळ्यांत वरचा गुण. नवीन आलेली आईबापं घाबरतात, मीही एकदा घाबरले होते. गुणाबरोबर शिक्षिकेचं पत्र होतं. आपले आजोबा या लेखनापायी तुरुंगात गेले असं मुलीने सांगितलं. ते त्साइटत्सॉयगे म्हणून वर्गात येतील का?

त्साइटत्सॉयगे म्हणजे काळाचा साक्षीदार. इथल्या शाळांची ही पद्धत आहे. इतिहासातलं काही शिकवायचं तर ते ज्याने स्वतः पाहिलं, सोसलं, अशा म्हाताऱ्या माणसाला वर्गात बोलवतात, आणि मुलं त्याला वाटेल ते विचारतात. मी हरखून गेले. सांगलीला दोन, पुण्याला चार फोन केले. नवऱ्याने बाबांसाठी नवा लोकरी कोट आणला. लेकीने मैत्रिणींना सांगून ठेवलं. बाबा तेवढे गप्प होते, पण मला वाटलं, वयाप्रमाणे जरा दडपण आलं असेल.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं टेबलाशी लसूण सोलत बसलो होतो. नवरा आणि लेक खरेदीला गेले होते.

“सूनबाई, मला शाळेत जाता यायचं नाही,” बाबा म्हणाले.

“थंडीचं म्हणता का? ट्राम दारातून आहे, बाबा.”

“मी माफी लिहून देऊन सुटलो.”

मला आधी काही कळेचना. त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली आणि एका दमात सांगितलं. बेचाळीसाव्या दिवशी एक छापील कागद पुढे आला होता. माझं चुकलं, यापुढे असलं काही करणार नाही, सरकारच्या कार्यक्रमाला माझा पाठिंबा आहे. खाली नाव आणि सही. त्यांनी केली. त्यांच्या शाळेतले गणिताचे मास्तर त्यांच्याच बराकीत होते. त्यांनी नाही केली. ते दीड वर्षाहून जास्त आत राहिले आणि सुटून आले तेव्हा गावाने स्टेशनपासून मिरवणूक काढली.

“मी गर्दीत मागे उभा होतो,” बाबा म्हणाले. “त्याने मला पाहिलं आणि हात केला. पुढे वीस वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये बसलो, त्याविषयी एका शब्दाने कधी बोलला नाही. लोक त्याच्याबरोबर माझं नाव घ्यायचे आणि मी गप्प बसायचो. तुझ्या सासूबाईंना माहीत होतं. ती गेली. आता घरात कोणालाच माहीत नाही.”

“ह्यांना?” मी नवऱ्याबद्दल विचारलं.

“तो सहा वर्षांचा होता. आल्यावर मी परत भाषांतराला हात लावला नाही, याचंही कारण त्याने कधी विचारलं नाही.”

मला पहिल्यांदा राग आला, आणि कशाचा आला हे लिहायला आज लाज वाटते. मी सहा ठिकाणी फोन केले होते त्याचा. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. लसणाच्या सालांचा ढीग ते बोटाने सारखा करत होते.

“जगाने मला भित्रा म्हटलं तर मी ऐकून घेईन,” ते म्हणाले. “पण ही पोरगी म्हणाली तर मला सोसायचं नाही. दोन आठवडे ती माझ्याकडे कशी बघते, पाहिलंस ना? असं कोणी माझ्याकडे कधी बघितलं नाही.”

माझं मन भरून आलं, आणि मन भरून आलं की माझं डोकं लगेच व्यवस्थेला लागतं. आता नाही म्हटलं तर शंका येईल, मी म्हणाले. जायचं. बुवांबद्दल सांगायचं, पानं कशी काढली ते सांगायचं, पोलीस आले इथपर्यंत यायचं आणि थांबायचं. कोणी पुढचं विचारलंच तर उत्तर मी देईन. दुभाषी मीच आहे ना? बाबा “बरं” म्हणाले आणि पुन्हा पाकळी उचलली.

शाळेत शिक्षिकेने दारातच त्यांचा हात हातात घेतला. साठीच्या आसपासच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, शांत बाई. त्यांच्या पिढीने पूर्व जर्मनीत शाळेत रशियन शिकलेलं, इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, आणि सातवीच्या मुलांचं इंग्रजी अजून पुरतं यायचं होतं. त्यामुळे बाबांनी कोणत्या भाषेत बोलायचं हा प्रश्नच नव्हता. “मराठीतच सांगतो,” ते मला म्हणाले. “पानंही मराठीतच होती.”

मुलांनी खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. लेक बरोबर समोर बसली होती, वही उघडून, पाठ ताठ करून. बाबा बोलायला लागले आणि पाच मिनिटांत मास्तर झाले. सायक्लोस्टाइलचा रूळ कसा फिरवायचा ते त्यांनी हवेत हात फिरवून दाखवलं. शाई बोटांना लागली ती चार दिवस निघेना आणि पोलिसांनी आधी बोटंच पाहिली, हे सांगितल्यावर पोरांनी आपापली बोटं पाहिली. मी छान भाषांतर करत होते. जिथे ते अडखळले तिथे मी सावरून घेतलं, जिथे साधं बोलले तिथे थोडा रंग भरला. पोलीस आले, गाडीत बसवलं, तुरुंगाचं दार लागलं. इथे बाबा थांबले. मी हुश्श केलं.

दाताला तार लावलेल्या एका मुलीने हात वर केला. “तुम्हाला कधी सोडलं? आणि का सोडलं?”

मी प्रश्न मराठीत सांगितला आणि उत्तर तयार ठेवलं. बाबा खाली बघत होते. मग त्यांनी मान वर करून समोर पाहिलं. लेक पेन्सिल सरसावून बसली होती, आजोबा जे सांगतील ते लिहून घ्यायला. तिच्याकडे बघतच ते सावकाश बोलले.

“मी माफी लिहून दिली. बेचाळीस दिवसांनी. जे छापलं ते चुकलं, असं लिहून खाली सही केली. म्हणून सोडलं. माझ्याबरोबरचे आतच राहिले.”

माझ्या जिभेला सवय होती, ती थांबली नाही. “बेचाळीस दिवसांनी,” मी जर्मनमध्ये म्हणाले, “त्यांच्याविरुद्ध काहीच सिद्ध झालं नाही, म्हणून त्यांना सोडून द्यावं लागलं.” शिक्षिकेने मान हलवली आणि घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, पार पडलं.

लेक उठून उभी राहिली. “आई, ते असं म्हणाले नाहीत.”

ती जर्मनमध्ये बोलली होती, त्यामुळे ते सगळ्यांना कळलं. मी तिच्याकडे डोळे मोठे केले. तिने ते पाहिले आणि वर्गाकडे तोंड करून आजोबांची वाक्यं एकेक करून सांगितली. माफी, सही, सोबतचे आतच राहिले. एक शब्द कमी केला नाही की वाढवला नाही. तिला मराठी एवढं नेमकं कळतं हे मला, तिच्या आईला, त्या दिवशी समजलं. मग ती आजोबांकडे वळली आणि तिने विचारलं, “तुम्ही सगळ्यांच्या आधी सही केली होती का?” हे तिने जर्मनमध्येच विचारलं, आणि मला ते मराठीत सांगावं लागलं.

“हो,” बाबा म्हणाले. “आमच्या बराकीतला मी पहिला.”

हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. लेकीने तेही वर्गाला सांगितलं. तारवाल्या मुलीचा हात अजून वरच होता. का, एवढंच तिने विचारलं.

“घरी जायचं होतं,” बाबा म्हणाले.

लेकीने ते सांगितलं आणि खाली बसली. वर्गात कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. मला मात्र धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं होतं. शिक्षिकेने बाबांचे आभार मानले, घंटा झाली, मुलं बाहेर गेली. जाताना काही जणांनी इथल्या रीतीप्रमाणे बाबांशी हात मिळवला.

दाराशी शिक्षिकेने आम्हाला थांबवलं. “माझ्या वडिलांनीही सही केली होती,” त्या म्हणाल्या. “याच शहरात. शेजाऱ्यांवर, मित्रांवर लक्ष ठेवून गुप्त पोलिसांना कळवत राहीन, अशी. भिंत पडल्यावर आम्ही त्यांची फाइल वाचली तेव्हा कळलं. तोवर ते गेले होते. मला त्यांना एवढंच विचारायचं होतं जे त्या मुलीने शेवटी विचारलं. का.” हे मी बाबांना शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी त्या बाईंचे दोन्ही हात धरले आणि काही न बोलता उभे राहिले. मीही, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, मधे काही घातलं नाही.

ट्राममध्ये लेक आजोबांशेजारी बसली, मला समोर एकटीला बसवून. पूल ओलांडेपर्यंत ती बाहेर बघत होती. शहरात आलेल्या महापुराला तीन वर्षं झाली होती तरी नदीकाठच्या काही भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसायची. मग तिने मला सुनावलं.

“आजोबा खरं बोलले आणि तू त्याचं खोटं केलंस. सगळ्यांसमोर.”

“अगं, तुझ्यासाठी. तुला वाईट वाटू नये म्हणून.”

“मला वाईट वाटलं. तुझं.”

मला रडूच आलं. मी गाडीत रडणारी बाई नाही, पण आलं. बाबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आईला बोलू नकोस. ते आमचं दोघांचं ठरलं होतं. शब्द मी मोडला,” ते म्हणाले.

“का मोडलात?” हे तिने मला भाषांतर करू दिलं.

“तू लिहून घेत होतीस,” बाबा म्हणाले. “तुझ्या वहीत मला खोटं जाऊ द्यायचं नव्हतं.”

मग तिने विचारलं की तुरुंगात संडास कसा होता. बाबांनी इतकं साग्रसंगीत वर्णन केलं की तिने नाक दाबून धरलं आणि समोरच्या म्हातारीने आमच्याकडे वळून पाहिलं. स्टॉप येईपर्यंत दोघांचं हसणं चाललं होतं. मी डोळे पुसत त्यांच्याकडे बघत होते आणि माझी भीती किती फुकट होती, ते मला कळत होतं. पण अजून घरी नवरा होता.

तो साडेसहाला कामावरून आला तो बूट काढतानाच विचारत, “काय साक्षीदार? कसं झालं?” मी पानं वाढत होते. लेकीने आजोबांकडे पाहिलं, तुम्ही सांगा अशा अर्थाने. आणि बाबांनी सांगितलं. तीच चार वाक्यं, वर्गात सांगितली तशीच. पहिला मी होतो, हेही सांगितलं.

नवरा हातात एक बूट घेऊन दारातच बसून राहिला. तो मुळात कमी बोलणारा माणूस. मला वाटलं, आता उठून आत जाईल आणि चार दिवस तोंड उघडणार नाही. त्याने बूट जागेवर ठेवला, सरळ केला, येऊन बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

“तुम्ही परत आलात तो दिवस मला आठवतो,” तो म्हणाला. “शाळेतून आलो तर दारात तुमच्या चपला. बाबा, तेव्हा मी एक केलं होतं. मार बसेल म्हणून आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तुम्ही आत झोपला होतात. मी त्या चपला उचलल्या आणि मागच्या विहिरीत टाकल्या.”

“विहिरीत?” मी म्हणाले.

“चपला नसल्या की बाबांना परत कुठे जाता येणार नाही, असं मला वाटलं.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. आमटीची वाटी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी खाली ठेवली.

“दुसऱ्या दिवशी मी शाळेत अनवाणी गेलो,” ते म्हणाले. “दारातून चपला गेलेल्या. मला वाटलं, मी सही केली हे गावाला कळलं. कोणीतरी मुद्दाम नेल्या, मला दाखवून द्यायला. तीस वर्षं मी गावातल्या एकेका माणसाच्या तोंडाकडे बघून विचार करायचो, तो हाच असेल का.”

बाबांनी हात पुढे करून, सहा वर्षांच्या पोराचं धरावं तसं, माझ्या नवऱ्याचं डोकं धरून छातीशी घेतलं.

“तू होतास होय,” ते म्हणाले. “तू होतास.”